विद्यापीठातील लैंगिक छळ : तक्रार समिती कागदावरची आणि कामाची

गोवा विद्यापीठातील विद्यार्थिनींनी मार्च २००९ मध्ये आपल्याच विभागप्रमुखाविरुद्ध लैंगिक छळाच्या तक्रारी केल्या. विद्यापीठाच्या समितीने चौकशी करून अहवाल दिला आणि जानेवारी २०१० मध्ये संबंधित प्राध्यापकाला सेवेतून काढून टाकण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ही कारवाई उचलून धरली. मात्र १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली. आरोप खरे की खोटे, या प्रश्नात न्यायालय गेलेच नाही. समितीने चौकशीच्या अखेरच्या टप्प्यात कमालीची घाई केली आणि बचावाची पुरेशी संधी दिली नाही, एवढ्या कारणावरून चौकशी जेथे बिघडली तेथून ती पुन्हा सुरू करण्याचा आदेश देण्यात आला. तक्रारीला तोपर्यंत १४ वर्षे उलटून गेली होती. तक्रार करणाऱ्या विद्यार्थिनींचे शिक्षण केव्हाच संपले होते.

लैंगिक छळाची तक्रार दडपली गेली तर अन्याय होतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण तक्रारीची चौकशी ढिसाळपणे झाली तरीही तेवढाच अन्याय होतो आणि तो दोन्ही बाजूंवर होतो, हे या निकालाने दाखवून दिले. याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील शासकीय विभाग, व्यावसायिक परिषदा, विद्यापीठे आणि महाविद्यालये यांत समित्या खरोखर स्थापन झाल्या आहेत काय, त्यांची माहिती संकेतस्थळावर आहे काय आणि सदस्यांना प्रशिक्षण मिळते काय, याची कालबद्ध पडताळणी करण्यास सांगितले. कायदा होऊन दहा वर्षे होत आली असताना अशी पडताळणी सांगावी लागते, यातच परिस्थितीचे चित्र स्पष्ट होते.

विद्यापीठाचे वेगळेपण

कायद्याने लैंगिक छळाची व्याख्या व्यापक ठेवली आहे. नकोसा शारीरिक स्पर्श वा सलगी, शरीरसुखाची मागणी, लैंगिक रोखाचे शेरे, अश्लील चित्रे वा चित्रफिती दाखविणे आणि लैंगिक स्वरूपाचे इतर कोणतेही नकोसे वर्तन, मग ते शब्दांतून असो, हावभावांतून असो वा कृतीतून, या व्याख्येत येते. सवलतीचे आमिष, नुकसानीची धमकी किंवा वातावरण दूषित होऊन काम करणे अशक्य होणे, हेही छळाचेच प्रकार मानले गेले आहेत. कृती करणाऱ्याचा हेतू काय होता, यापेक्षा समोरच्या व्यक्तीला ती नकोशी होती काय, हा मुद्दा येथे महत्त्वाचा ठरतो.

कार्यालयात छळ झाल्यास नोकरी बदलण्याचा मार्ग, कठीण असला तरी, उपलब्ध असतो. विद्यापीठात तो जवळजवळ नसतो. पदव्युत्तर विद्यार्थिनीचे अंतर्गत गुण, प्रात्यक्षिक परीक्षा, शिफारसपत्र हे सारे दोन-तीन शिक्षकांच्या हाती असते. पीएच.डी. करणारी संशोधक तर अनेक वर्षे एकाच मार्गदर्शकाच्या सहीवर अवलंबून असते. मार्गदर्शक बदलणे म्हणजे विषय, प्रयोगशाळा आणि कधी कधी शिष्यवृत्तीही पणाला लावणे होय. त्यातच विद्याशाखेचे जग लहान असते. आजचा मार्गदर्शक उद्या दुसऱ्या विद्यापीठाच्या निवड समितीवर बसलेला असतो. तक्रार करताना विद्यार्थिनीला या सर्वांचा हिशेब मनाशी करावा लागतो.

मात्र छळ करणारा नेहमी शिक्षकच असतो, असेही नाही. वर्गमित्र, वरिष्ठ विद्यार्थी, कार्यालयीन कर्मचारी, वसतिगृहातील वा कँटीनमधील कामगार, बाहेरून आलेला पाहुणा यांपैकी कोणीही तो असू शकतो. रॅगिंगच्या नावाखाली होणारे अश्लील प्रकार, नकार दिलेल्या मुलीचा पाठलाग, मोबाईलवर चोरून काढलेली छायाचित्रे गटागटांत फिरविणे, हे प्रकारही याच सदरात मोडतात. शिक्षिका आणि कर्मचारी महिला यांनाही हा छळ चुकलेला नाही.

कायद्याचा प्रवास

या कायद्यांच्या वाटचालीत महाराष्ट्राचे स्थान मोठे आहे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले. त्यावर उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या चार विधी प्राध्यापकांनी सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, हा त्या पत्राचा गाभा होता. या पत्रातून उभ्या राहिलेल्या आंदोलनाची परिणती १९८३ च्या कायदादुरुस्तीत झाली. विद्यापीठीय अध्यापकांनी केवळ वर्गात कायदा न शिकविता तो बदलण्यास भाग पाडल्याचे हे ठळक उदाहरण होय.

पुढचा टप्पा राजस्थानातून आला. बालविवाह रोखण्याचे काम करणाऱ्या भंवरीदेवी या 'साथिन'वर १९९२ मध्ये सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर महिला संघटनांनी केलेल्या याचिकेवर १३ ऑगस्ट १९९७ रोजी न्या. जे. एस. वर्मा, न्या. सुजाता मनोहर आणि न्या. बी. एन. कृपाल यांच्या पीठाने 'विशाखा' मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. प्रत्येक आस्थापनेत महिलेच्या अध्यक्षतेखाली तक्रार समिती असावी, असे त्यात बंधन होते. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत आजही या समितीला 'विशाखा समिती' म्हणूनच ओळखले जाते.

ही तत्त्वे पाळली जात नसल्याकडे पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले यांनी पत्राद्वारे सर्वोच्च न्यायालयाचे लक्ष वेधले. त्या पत्राचेच याचिकेत रूपांतर झाले. तक्रार समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईसाठी चौकशी अहवाल मानावा, हा २००४ चा आदेश या याचिकेतील होय. त्यामुळे पीडितेला समितीपुढे आणि पुन्हा खातेनिहाय चौकशीत अशी दोनदा साक्ष देण्याची वेळ येऊ नये, अशी सोय झाली. १९ ऑक्टोबर २०१२ च्या अंतिम निकालात न्यायालयाने अंमलबजावणीच्या शैथिल्याबद्दल तीव्र नाराजी व्यक्त केली.

दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर हालचालींना वेग आला. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा कायदा संसदेने २०१३ मध्ये केला आणि तो ९ डिसेंबर २०१३ पासून अमलात आला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कृती गटाने 'सक्षम' हा अहवाल दिला. आयोगाने २०१५ चे विनियम तयार केले आणि ते २ मे २०१६ रोजी राजपत्रात प्रसिद्ध झाले. विद्यार्थिनींच्या दृष्टीने हे विनियम सर्वांत महत्त्वाचे आहेत, कारण त्यांत कर्मचाऱ्यांबरोबर विद्यार्थी स्पष्टपणे समाविष्ट आहेत. शिवाय 'परिसर' या संज्ञेत केवळ इमारती येत नाहीत. शैक्षणिक सहल, क्षेत्रभेट, शिबिर, युवक महोत्सव, क्रीडा स्पर्धा, प्रशिक्षणाचे ठिकाण आणि तेथवर नेणारे वाहन यांचाही त्यात अंतर्भाव आहे. त्यामुळे 'घटना गावाबाहेरच्या शिबिरात घडली, महाविद्यालयाचा संबंध नाही' असे प्राचार्यांना म्हणता येत नाही.

समितीत कोण असावे?

विनियमांनुसार अंतर्गत तक्रार समितीच्या अध्यक्षपदी ज्येष्ठ महिला अध्यापक असावी लागते. विद्यापीठात ती प्राध्यापक आणि महाविद्यालयात सहयोगी प्राध्यापक या दर्जापेक्षा खालची नसावी. तिच्यासमवेत दोन अध्यापक, दोन शिक्षकेतर कर्मचारी आणि महिलांच्या प्रश्नांवर काम करणारी वा या विषयाची जाण असलेली बाहेरची एक व्यक्ती असते. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असल्यास पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन या स्तरांवरील तीन विद्यार्थी प्रतिनिधी समितीत बसतात. एकूण सदस्यांत किमान निम्म्या महिला असणे बंधनकारक आहे. सदस्यांची मुदत तीन वर्षांची असते.

या रचनेतील दोन तरतुदी विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत. कुलगुरू, प्र-कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा वरिष्ठ प्रशासकीय पदांवरील व्यक्ती समितीच्या सदस्य होऊ शकत नाहीत. समितीवर प्रशासनाचा दबाव येऊ नये, हा त्यामागील उद्देश आहे. दुसरी तरतूद विद्यार्थी प्रतिनिधींची. ते पारदर्शक व लोकशाही पद्धतीने निवडून आलेले असावेत, असे विनियम म्हणतात. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात १९९९ पासून निवडून आलेल्या सदस्यांची अशी समिती काम करीत होती. सप्टेंबर २०१७ मध्ये ती बरखास्त करून तिच्या जागी अंतर्गत समिती नेमण्यात आली, तेव्हा विद्यार्थी व अध्यापकांनी त्याला मोठा विरोध केला. वाद होता तो नेमलेल्या आणि निवडलेल्या सदस्यांमधील फरकाचा. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर विद्यार्थी प्रतिनिधी गुणवत्तेच्या आधारे ठरविण्याची पद्धत रूढ झाली होती. २०१६ च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद पुन्हा आणली असली, तरी निवडणुकीची सवय मोडलेल्या महाविद्यालयांत विद्यार्थी प्रतिनिधी प्राचार्यांच्या पसंतीने ठरण्याचा धोका कायम राहतो.

आणखी एक गल्लत नेहमी आढळते. मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत महिला विकास कक्ष असतो. व्याख्याने, शिबिरे, आठ मार्चचे कार्यक्रम हे त्याचे काम. तक्रार समितीला मात्र साक्षीदारांना बोलावणे, कागदपत्रे मागविणे यांसाठी दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. कक्ष आहे म्हणून समिती आहे, असे समजणे चुकीचे ठरते.

तक्रार आणि तिचे वेळापत्रक

तक्रार लेखी द्यावी लागते. लिहून देणे शक्य नसल्यास अध्यक्षांनी त्यासाठी सर्व साहाय्य करावे, असे बंधन आहे. पीडित व्यक्ती शारीरिक वा मानसिकदृष्ट्या तक्रार करण्याच्या स्थितीत नसेल किंवा तिचा मृत्यू झाला असेल, तर नातेवाईक, मित्र, सहाध्यायी वा मानसोपचारतज्ज्ञ तिच्या वतीने तक्रार करू शकतात. पुढील टप्पे असे आहेत :

- घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तक्रार. घटनांची मालिका असल्यास शेवटच्या घटनेपासून तीन महिने. सबळ कारण असल्यास समिती कारणे नोंदवून आणखी तीन महिने मुदत वाढवू शकते.
- तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांत तिची प्रत प्रतिवादीला.
- त्यानंतर दहा दिवसांत प्रतिवादीचे लेखी उत्तर.
- तक्रारीपासून ९० दिवसांत चौकशी पूर्ण.
- चौकशी संपल्यावर दहा दिवसांत अहवाल.
- अहवाल मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रशासनाची कारवाई. त्याच मुदतीत दोन्ही पक्षांना अपिलाची संधी.

मुदतीचा प्रश्न किती निर्णायक ठरू शकतो, हे कोलकात्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील प्रकरणात दिसले. एका महिला अध्यापकाने कुलगुरूंविरुद्ध डिसेंबर २०२३ मध्ये तक्रार केली. शेवटची घटना एप्रिल २०२३ मधील असल्याने वाढीव मुदतही संपली होती, म्हणून स्थानिक समितीने ती मुदतबाह्य ठरविली. सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबर २०२५ रोजी हा निष्कर्ष कायम ठेवला. मात्र या निकालाचा उल्लेख संबंधित कुलगुरूंच्या परिचयपत्रात कायम राहील, याची व्यवस्था करण्याचेही निर्देश दिले. पदावरील व्यक्तीच्या धाकाने महिने निघून जातात आणि तेवढ्यात कायद्याचे दार बंद होते, ही यातील खरी अडचण आहे. घटनेची तारीख, स्थळ, साक्षीदार यांची टिपणे त्याच दिवशी करून ठेवणे आणि संदेश, ईमेल, ध्वनिमुद्रणे जपून ठेवणे यासाठीच आवश्यक असते.

तक्रार संस्थेच्या प्रमुखाविरुद्धच असेल, तर ती जिल्हा स्तरावरील स्थानिक समितीकडे करता येते. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या आस्थापनांसाठीही हीच समिती आहे. या यंत्रणेसाठी प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी नेमण्याची मुदत सर्वोच्च न्यायालयाने ३१ डिसेंबर २०२४ अशी ठरवून दिली होती. केंद्र सरकारचे 'शी-बॉक्स' हे ऑनलाइन तक्रारीचे नवे दालन ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाले आहे.

निकालापूर्वीचा दिलासा

नव्वद दिवसांच्या चौकशीत त्याच वर्गात, त्याच प्रयोगशाळेत समोरासमोर वावरावे लागणे हीच पीडितेसाठी मोठी शिक्षा असते. त्यामुळे समितीच्या शिफारशीवरून प्रशासनाला तात्पुरती व्यवस्था करता येते. दोघांपैकी एकाची अन्य विभागात बदली, पीडितेला तीन महिन्यांपर्यंत रजा, तिच्या कामाचे वा परीक्षेचे मूल्यमापन प्रतिवादीकडून काढून घेणे, त्याला अंतर राखण्याची ताकीद देणे आणि गरज पडल्यास परिसरात प्रवेशबंदी, असे हे उपाय आहेत. सूडबुद्धीने त्रास दिला जाऊ नये म्हणून कठोर पावले उचलण्याचे बंधनही आहे. ही तरतूद फारशी वापरली जात नाही, कारण ती मागता येते हे बहुतेक विद्यार्थिनींना ठाऊकच नसते.

पीडितेने स्वतः इच्छा व्यक्त केल्यास समेटाचा मार्ग खुला आहे. पण त्याचा आधार पैशांची देवघेव असू शकत नाही. 'मुलाचे वर्ष वाया जाईल', 'सरांची नोकरी जाईल' असे सांगून समितीच समेटासाठी आग्रह धरू लागली, तर तो कायद्याचा भंग ठरतो.

दोष सिद्ध झाल्यास कर्मचाऱ्यावर सेवानियमांनुसार कारवाई होते. विद्यार्थ्याच्या बाबतीत ग्रंथालय, वसतिगृह, शिष्यवृत्ती यांसारख्या सवलती काढून घेणे, ठराविक काळ निलंबन, नाव पटावरून कमी करणे, तसेच सक्तीचे समुपदेशन वा समाजसेवा अशा शिक्षा आहेत. मानसिक आघात, हुकलेली संधी आणि औषधोपचाराचा खर्च लक्षात घेऊन नुकसानभरपाईही देता येते.

पोलीस आणि रुग्णालय

समितीकडे तक्रार करणे हा पोलिसांकडे जाण्याला पर्याय नाही. दोन्ही मार्ग एकाच वेळी चालू शकतात आणि पीडितेची इच्छा असल्यास गुन्हा नोंदविण्यास संस्थेने मदत केली पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत विनयभंगासाठी कलम ७४, लैंगिक छळासाठी ७५, चोरून पाहणे वा चित्रण करणे यासाठी ७७ आणि पाठलागासाठी ७८ ही कलमे आहेत. हद्दीचे कारण सांगून पोलिसांना तक्रार नाकारता येत नाही. कोणत्याही ठाण्यात 'शून्य क्रमांकाने' गुन्हा नोंदवावा लागतो. बलात्काराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणे हा कलम ७२ अन्वये गुन्हा आहे.

बलात्काराच्या घटनेत सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने विनामूल्य प्रथमोपचार व उपचार देणे बंधनकारक आहे. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, तर वैद्यकीय पुरावे साधारण ९६ तासांपर्यंत गोळा करता येतात. त्यामुळे प्रथम रुग्णालय आणि नंतर कागदपत्रे, हा क्रम वसतिगृहाच्या अधीक्षकांना माहीत असणे अत्यावश्यक आहे. 'दोन बोटांची चाचणी' सर्वोच्च न्यायालयाने २०१३ आणि पुन्हा २०२२ मध्ये अमान्य ठरविली आहे.

महाराष्ट्रात अकरावी-बारावीचे वर्ग अनेक वरिष्ठ महाविद्यालयांच्याच आवारात भरतात. तेथील बहुसंख्य विद्यार्थी अठरा वर्षांखालील असल्याने त्यांना २०१२ चा 'पॉक्सो' कायदा लागू होतो. अशा प्रकरणाची माहिती मिळालेल्या प्रत्येक व्यक्तीवर ती पोलिसांना कळविण्याचे बंधन असून न कळविणे हा गुन्हा आहे. 'आधी समितीत पाहू' ही सबब येथे चालत नाही.

विद्यार्थी व तृतीयपंथी

२०१३ चा कायदा केवळ महिलांना संरक्षण देतो. आयोगाच्या विनियमांनी मात्र काही विद्यार्थी आणि तृतीयपंथी विद्यार्थीही छळाला बळी पडतात, हे मान्य करून सर्व लिंगांच्या व्यक्तींविरुद्धच्या हिंसेची दखल घेण्याचे बंधन घातले आहे. भारतीय न्याय संहितेतून जुन्या दंडविधानातील कलम ३७७ वगळले गेल्याने प्रौढ पुरुषावरील लैंगिक अत्याचारासाठी स्वतंत्र कलम उरलेले नाही. तृतीयपंथी व्यक्तींच्या २०१९ च्या कायद्यात लैंगिक अत्याचारासाठी कमाल शिक्षा दोन वर्षांचीच आहे. अशा स्थितीत या विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयातील समिती हाच जवळचा आधार ठरतो. जात, वर्ग, प्रदेश, अपंगत्व आणि अल्पसंख्याकत्व यांमुळे छळाचा धोका वाढतो, याचीही नोंद विनियमांनी घेतली आहे. गावाकडून प्रथमच शहरात आलेली, घरातून शिक्षणाला विरोध असलेली मुलगी तक्रारीची बातमी घरी कळेल या भीतीनेच गप्प राहते, हे वास्तव समितीने ध्यानात ठेवावयास हवे.

दुसऱ्या बाजूचे हक्क

ज्याच्यावर आरोप आहे त्याला तक्रारीची प्रत, साक्षीपुराव्यांची माहिती, उत्तर देण्यासाठी वाजवी वेळ आणि आपले साक्षीदार मांडण्याची संधी मिळालीच पाहिजे. पीडितेला समोरासमोरच्या उलटतपासणीचा जाच होऊ नये यासाठी प्रश्न लेखी घेऊन ते समितीमार्फत विचारता येतात. चौकशी दिवाणी स्वरूपाची असल्याने फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा येथे लागत नाही. कोणती बाजू अधिक संभाव्य वाटते, हा निकष पुरेसा असतो. तक्रार सिद्ध झाली नाही, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. जाणीवपूर्वक खोटी तक्रार वा बनावट पुरावा असल्याचे स्वतंत्रपणे सिद्ध झाले, तरच तक्रारदारावर कारवाई होऊ शकते. चौकशीतील नावे व तपशील गुप्त राखणे दोघांच्याही हिताचे आहे.

सुरक्षा म्हणजे बंदिस्तपणा नव्हे

एखादी घटना घडली की वसतिगृहाच्या फाटकाची वेळ अलीकडे आणणे, ग्रंथालय लवकर बंद करणे, पोशाखावर फलक लावणे, असे उपाय तातडीने योजले जातात. आयोगाचे विनियम याबाबत निःसंदिग्ध आहेत. सुरक्षेचे कारण पुढे करून मुलींच्या वसतिगृहांना मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावता येणार नाहीत आणि सुरक्षेच्या नावाखाली त्यांच्या संचारावर अतिरेकी पाळत वा बंधने येता कामा नयेत, असे त्यांत म्हटले आहे. त्याऐवजी पुरेसा प्रकाश, विश्वसनीय वाहतूक, प्रशिक्षित सुरक्षा कर्मचारी, समुपदेशक आणि आरोग्य केंद्रात संवेदनशील डॉक्टर यांची अपेक्षा आहे. मुलीला ग्रंथालयातून लवकर परत पाठविणे हे सोपे असते, ग्रंथालयापासून वसतिगृहापर्यंतचे दिवे सुरू ठेवणे खर्चाचे असते. तथापि पहिल्या उपायाची किंमत तिच्या अभ्यासातून वसूल होते.

घोडे कोठे अडते?

जुलै २०२५ मध्ये ओडिशातील बालासोर येथील एका महाविद्यालयाच्या विद्यार्थिनीने विभागप्रमुखाविरुद्धच्या तक्रारीची योग्य दखल घेतली गेली नाही म्हणून टोकाचे पाऊल उचलले आणि तिचा मृत्यू झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरची बलात्कारानंतर हत्या झाली. दोन्ही घटनांचे स्वरूप निराळे आहे. पहिलीत तक्रारयंत्रणेवरील विश्वास तुटला, दुसरीत रात्रपाळी करणाऱ्या डॉक्टरला विश्रांतीसाठी सुरक्षित जागाही नव्हती. जबाबदारी मात्र दोन्ही ठिकाणी संस्थेकडेच जाते.

समिती स्थापन न करणाऱ्या आस्थापनेला ५० हजार रुपये दंडाची तरतूद २०१३ च्या कायद्यात आहे. अनुदान आयोग तर अनुदान रोखण्यापासून मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीतून नाव वगळण्यापर्यंत कारवाई करू शकतो. तरीही समिती केवळ मूल्यांकन पथकाच्या भेटीपुरती उभी राहते, सदस्यांना कायद्याची प्रतही मिळालेली नसते, बाहेरचा सदस्य संस्थाचालकांच्या परिचयातील असतो आणि फलकावरील दूरध्वनी क्रमांक निवृत्त झालेल्या प्राध्यापिकेचा असतो. तक्रारींची संख्या शून्य आहे, असे अभिमानाने सांगणारी संस्था सुरक्षित असतेच असे नाही. तेथे तक्रार करण्याची सोय नाही, असाही त्याचा अर्थ असू शकतो. विनियमांनुसार प्रत्येक संस्थेने तक्रारी व त्यांच्या निपटाऱ्याचा वार्षिक अहवाल आयोगाला द्यावयाचा असतो. हे आकडे नावे वगळून विद्यार्थ्यांसमोरही ठेवले, तर समितीविषयीचा विश्वास वाढण्यास मदत होईल.

प्रवेश घेताना एवढे तपासा

- समितीच्या सदस्यांची नावे व संपर्क क्रमांक संकेतस्थळावर आणि सूचनाफलकावर आहेत काय? ते चालू आहेत काय?
- अध्यक्ष महिला अध्यापक असून निम्म्या सदस्य महिला आहेत काय? बाहेरचा सदस्य कोण आहे?
- विद्यार्थी प्रतिनिधी निवडून आलेले आहेत की नेमलेले?
- सहल वा शिबिराच्या वेळी महिला शिक्षिका सोबत असते काय?
- रात्री वसतिगृहातून रुग्णालयात नेण्याची व्यवस्था काय आहे?

महत्त्वाचे क्रमांक : आपत्कालीन मदत ११२. महिला हेल्पलाइन १८१. अठरा वर्षांखालील मुलांसाठी १०९८. मानसिक आधारासाठी 'टेलिमानस' १४४१६. वैद्यकीय, कायदेविषयक मदत व तात्पुरता निवारा एकाच ठिकाणी मिळावा यासाठी 'सखी' वन स्टॉप सेंटर आहेत. महिलांना उत्पन्नाची अट न ठेवता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. बलात्कार व बालकांवरील लैंगिक अत्याचारातील पीडितांसाठी राज्य शासनाची 'मनोधैर्य' ही अर्थसाहाय्य योजना २०१३ पासून आहे.